वृद्धाश्रमांतील फळवाटप

24 सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापनादिन, 1 ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन आणि 2 ऑक्टोबर ही गांधी जयंती. या आठनऊ दिवसांत आमच्या शहरांतील वृद्धाश्रमांकडे महाविद्यालयीन तरुणांचीं पथकें वळतात. पथक येतें, केळीं वांटतें, फलकासह छायाचित्र काढवितें आणि जातें. पुढें कित्येक महिने त्या वयाचें कोणी तिकडे फिरकत नाहीं. तरुणांच्या हेतूविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. तक्रार आहे ती रीतीविषयीं, व ती रीत त्यांना आम्हीं वडील मंडळींनींच शिकविली. वाडवडिलांच्या पुण्यतिथीस आश्रमांत एक पंगत घातली कीं वर्षाचें कर्तव्य उरकलें, असें मानणारे इतवारींतील आमचे व्यापारी बंधु कांहीं थोडे नाहींत. पंगत घालावी, पण तिला हजर राहून चार घास सोबत खाणारे किती?

कमलाताई होस्पेट यांनीं 1921 सालीं ज्या शहरांत मातृसेवा संघ स्थापून बाळबाळंतिणींची काळजी वाहिली, त्या शहरास पुढें वृद्धांचीहि सोय पाहावी लागली, यांत नवल नाहीं. मुलगा पुण्यास, मुलगी अमेरिकेस, अशीं घरें आतां गल्लोगल्लीं आहेत.

कायदाहि झालेला आहे. 2007 च्या अधिनियमानें आईबापांस निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला व त्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधारांचा आश्रम सरकारनें ‘काढावा’ असें मात्र तो म्हणत नाहीं, ‘काढूं शकेल’ एवढेंच म्हणतो. वकिलाच्या डोळ्यास हा फरक खुपतो. असो. हुकूमनाम्यानें पैसा वसूल होईल, सायंकाळीं जवळ बसून बोलणारें माणूस वसूल होणार नाहीं.

तें माणूस तरुणांतून मिळण्याजोगें आहे. सेवा योजनेच्या विद्यार्थ्यास वर्षाकांठीं 120 तास काम करावें लागतें. त्यांतले निम्मे तास, चाळीस आठवडे, दर आठवड्यास दीड तास, एकाच वृद्धापाशीं कां घालवूं नयेत? हॉलंडांतील डेव्हेंटर गांवीं एका वृद्धनिवासांत विद्यार्थ्यांस फुकट खोली मिळते. मोबदल्यांत महिन्यास 30 तास चांगल्या शेजाऱ्याप्रमाणें वागावें, इतकीच अट. आमचा विद्यार्थीहि तेथें रित्या हातीं बसणार नाहीं. 1877 सालीं निघालेली एम्प्रेस मिल 2002 सालीं बंद पडली. तिच्या भोंग्यावर ज्यांनीं संसार केला तीं माणसें अजून आहेत. 1956 पर्यंत नागपूर राजधानी होतें, हें पाहिलेले डोळे आतां ऐंशीच्या पुढें गेले आहेत.

एक धोका मात्र आम्हांस मोठा वाटतो. लळा लावून, परीक्षा संपतांच न सांगतां निघून जाणें हें केळीं वांटण्याहून वाईट. पोटच्या मुलानें टाकलेल्या माणसास पुन्हां टाकण्यासारखेंच तें आहे. म्हणून जाणाऱ्या विद्यार्थ्यानें आपल्या जागीं येणाऱ्यास सोबत नेऊन, निदान महिनाभर दोघांनीं मिळून जावें.

प्राचार्यांनीं सत्राच्या आरंभींच अशा जोड्या ठरवाव्यात, आणि कामाच्या नोंदवहींत किती डझन केळीं वांटलीं हें न लिहितां कोणत्या आजोबांकडे कोण, किती आठवडे गेला, हें लिहावें.