यान आणि शयनासन : दोन विद्युत मोटारींचा एक हिशेब

विदर्भात कारंजा नावाची दोन गावे आहेत. जैन वाचकाला प्रथम आठवते ते वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड), भट्टारक-परंपरेचे आणि हस्तलिखित ग्रंथभांडारांचे. दुसरे कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात, नागपूर आणि अमरावती यांच्या जवळजवळ मध्यावर, राष्ट्रीय महामार्गाला लागून वसलेले तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि संत्रा यांवर येथील बाजारपेठ चालते. गावातील व्यापाऱ्याचे अर्धे आयुष्य नागपूरच्या रस्त्यावर जाते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणूनच मोटार हा येथील घराघरांत चर्चेचा विषय असतो, आणि अलीकडे त्या चर्चेत विद्युत मोटारीने प्रवेश केला आहे.

व्यापारात दोन पैसे हाती आले की घरात दोन मते उमटतात. तरुण मुलाला हवी असते वाऱ्याशी स्पर्धा करणारी स्पोर्ट्स कार, आणि आजी-आजोबांना, सुनेला, लेकराबाळांना घेऊन जायची तर हवी असते ऐसपैस सेडान. हा वाद समजून घेण्यासाठी दोन नमुने समोर ठेवता येतील. एक पोर्शेची टायकान, दुसरी मर्सिडीज-बेंझची ईक्यूएस ५८०. योगायोग असा की दोन्ही कंपन्या जर्मनीतील श्टुटगार्ट या एकाच नगरीच्या.

टायकान भारतात नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखल झाली. तेव्हा तिची किंमत दीड कोटी रुपयांपासून सुरू होत होती. तिला चार दरवाजे असले तरी घडण आणि वृत्ती स्पोर्ट्स कारचीच आहे. त्या वेळच्या श्रेणीतील टर्बो एस हा प्रकार उभ्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग २.८ सेकंदांत गाठतो आणि त्याची शक्ती क्षणभरासाठी ७६१ अश्वशक्तीपर्यंत जाते. विद्युत मोटारीला इंजिन तापवण्याची, फेरे वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. पायाने दाब देताच पूर्ण जोर चाकांवर येतो. बहुतेक विद्युत मोटारींना एकच गिअर असतो. टायकानच्या मागील आसाला मात्र दोन गिअर दिले आहेत, पहिला उसळी घेण्यासाठी आणि दुसरा दीर्घ वेगासाठी. तिची विद्युतव्यवस्था ८०० व्होल्टची असल्याने तितक्या क्षमतेचा चार्जर मिळाला तर ती त्या वेळी २७० किलोवॅटपर्यंत वीज स्वीकारत असे.

ईक्यूएसचा स्वभाव निराळा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ती १ कोटी ५५ लाख रुपयांना बाजारात आली. तिची जुळणी पुण्याजवळच्या चाकण येथे होते, ही मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष गोष्ट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेली तिचीच बहीण, एएमजी ईक्यूएस ५३, परदेशातून तयार स्वरूपात येत असल्याने २ कोटी ४५ लाखांना विकली जात होती. त्या गाडीची शक्ती अधिक होती हे खरे. परंतु नव्वद लाखांच्या अंतरात आयात शुल्काचा वाटा किती मोठा असतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. ईक्यूएस ५८० ची बॅटरी १०७.८ युनिट क्षमतेची आहे आणि एआरएआयच्या चाचणीनुसार एका चार्जमध्ये ती ८५७ किलोमीटर जाते. प्रत्यक्ष रस्त्यावर, उन्हाळ्यात वातानुकूलन चालू असताना, हा आकडा बराच खाली येतो. तरीही कारंज्याहून नागपूरला जाऊन-येऊन होणारे सुमारे १६० किलोमीटर तिला किरकोळच. ताशी १०० चा वेग ती ४.३ सेकंदांत गाठते, म्हणजे 'संथ' हा शब्द तिलाही लागू पडत नाही.

फरक जाणवतो तो बसताना. ईक्यूएसची लांबी ५.२ मीटरहून थोडी अधिक आणि दोन आसांमधील अंतर ३.२१ मीटर आहे. टायकानची लांबी पाच मीटरच्या आत आणि आसांमधील अंतर २.९ मीटर. टायकानची उंची सुमारे १.३८ मीटर, ईक्यूएसची १.५१ मीटर. कागदावर हा फरक वितीएवढाही नाही. पण गुडघेदुखी असलेल्या आजींना मंदिरासमोर गाडीतून उतरायचे असते, तेव्हा तेवढ्याच अंतरात सारा प्रश्न सामावलेला असतो. ईक्यूएसच्या मागच्या कप्प्यात ६१० लिटर सामान मावते. पाच माणसांचे तीर्थयात्रेचे सामान तिच्यात बसेल. टायकानमध्ये चार जण बसतात, आणि मागच्या दोघांनी तरुण असलेले बरे.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र कागदावरील श्रेष्ठत्व रस्त्यावर टिकत नाही. २७० किलोवॅटचा चार्जर जर्मनीच्या महामार्गावर सापडेल. आपल्याकडील महामार्गावर ६० किलोवॅटचा चार्जर मिळाला, तर दोन्ही गाड्या एकाच रांगेतल्या. ईक्यूएसची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची तर सुमारे ७५ युनिट लागतात आणि त्याला सव्वा तास किंवा अधिक वेळ जातो. घरी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पूर्ण चार्ज व्हायला दीड दिवस लागेल. तीन फेजच्या ११ किलोवॅटच्या चार्जरवर रात्रभरात काम होते. म्हणून लहान गावात अशी गाडी घेण्यापूर्वी प्रथम वीजजोडणीचा मंजूर भार पाहावा, गाडी मग पाहावी.

आता खर्चाचा हिशेब. विद्युत मोटार पैसे वाचवते, हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. ते दुकानाच्या वहीवर तपासून घेतलेले बरे. वर्षातून शंभर वेळा कारंजा-नागपूर फेरी झाली असे धरले, तर १६,००० किलोमीटर होतात. चार्जिंगमधील गळती धरून शंभर किलोमीटरला २२ युनिट लागली, तर वर्षाला ३,५२० युनिट. दहा रुपये दराने ३५,२०० रुपये. त्याच तोलाची डिझेल मोटार लिटरला १२ किलोमीटर गेली आणि डिझेल ९० रुपये धरले, तर खर्च १ लाख २० हजार. बचत झाली सुमारे ८५ हजारांची. पण गाडीत गुंतलेल्या दीड कोटीवर शेकडा ९ दराने वर्षाचे व्याज होते साडेतेरा लाख. साडेतेरा लाख सोडून ८५ हजार मिळवणे याला कोणताही मुनीम बचत म्हणणार नाही. शिवाय विद्युत मोटारीवर जीएसटी केवळ ५ टक्के असला, तरी ती पेढीच्या नावावर घेतली म्हणून सामान्य व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा अशी गाडी घ्यायची असेल तर हौस म्हणून घ्यावी. काटकसरीचे नाव तिला देऊ नये.

श्रावकाच्या घरात आणखी काही प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारले जावेत. पहिला प्रश्न चामड्याचा. उंची मोटार म्हणजे चामड्याच्या गाद्या असे समीकरण दीर्घकाळ रूढ होते. टायकान ही पूर्णपणे चर्मविरहित अंतर्भागाचा पर्याय देणारी पोर्शेची पहिली गाडी ठरली. या एका बाबतीत स्पोर्ट्स कारने अहिंसेच्या दिशेने पाऊल टाकले, हे मान्य करावे लागेल. हा पर्याय असतो, आपोआप मिळत नाही. कोणतीही गाडी घेताना गाद्या, सुकाणूचे आवरण, दरवाज्यांचे अस्तर आणि गिअरची मूठ यांपैकी कशात चामडे आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पुष्कळदा गाद्या कृत्रिम असतात आणि सुकाणू चामड्याने मढवलेले असते.

दुसरा प्रश्न विजेचा. गाडीतून धूर निघत नाही म्हणजे धूर निघतच नाही असे नाही. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. नागपूरजवळच्या कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. मात्र येथे विदर्भाचे ऊन कामी येते. छतावरील एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते. वरच्या हिशेबातील ३,५२० युनिटांसाठी रोज दहा युनिट लागतात. तीन किलोवॅटचे छत त्याला पुरेसे आहे. घरगुती छतासाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदानही आहे. गाडी कोणतीही असो, तिच्याआधी छत सजवणे हा शहाणपणाचा क्रम होय. बॅटरीतील कोबाल्टचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण जगातील बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते आणि तेथील हातखाणींत मुले राबतात. ईक्यूएसच्या बॅटरीत कोबाल्टचे प्रमाण दहाव्या हिश्शापर्यंत खाली आणले आहे. तो दोष कमी झाला, संपला नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत जवळचा. कारंज्यावरून जाणारा महामार्ग हा केवळ मोटारींचा नाही. वर्धा जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर पादचाऱ्यांना बंदी आहे, त्यामुळे पायी चालणारा प्रत्येक जीव जुन्याच रस्त्यावर असतो. त्यात शेतकरी आहे, गुरे आहेत, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील वन्य प्राणी आहेत आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात विहार करणारे साधु-साध्वीही आहेत. विहारात वाहनाची धडक बसून साधु-साध्वींना प्राण गमवावे लागल्याच्या वार्ता समाजाला नवीन नाहीत.

येथे गणित भावनेइतकेच बोलके आहे. ताशी ६० च्या वेगात चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला सुमारे ४२ मीटर लागतात. ताशी १०० च्या वेगात तेच अंतर ९० मीटर होते आणि १२० ला जवळजवळ १२० मीटर. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि या गाड्यांचे वजन तर सव्वादोन टनांहून अधिक असते. २.८ सेकंदांत १०० चा वेग गाठणारी गाडी तेवढ्या अवधीत केवळ ४० मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे चाळीस मीटरमध्ये जो वेग निर्माण होतो, तो शमवायला नव्वद मीटर लागतात. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या वाट्याला हेच अंतर येते. त्यात विद्युत मोटारीला मंद वेगात स्वतःचा आवाज फारसा नसतो. म्हणून युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला मंद वेगात कृत्रिम आवाज देणे बंधनकारक झाले. बाजारगल्लीत, शाळेसमोर, उपाश्रयाच्या दारात ही यंत्रणा कधीही बंद करू नये.

मुनिजन ईर्यासमिती पाळतात. पुढची चार हात जमीन निरखून पाऊल टाकतात. मोटार चालवणाऱ्या श्रावकाची चार हात जमीन त्याच्या वेगाप्रमाणे लांबत जाते. शंभरच्या वेगात ती नव्वद मीटरची होते. तेवढे दिसत नसेल, तर तेवढा वेग त्याचा नव्हे. हा नियम टायकानला जितका लागू तितकाच ईक्यूएसला. फरक इतकाच की एक गाडी हा नियम मोडण्याचा मोह क्षणोक्षणी देते आणि दुसरी थोडा कमी देते.

मग कारंज्याच्या कुटुंबाने कोणती निवडावी? या दोहोंतूनच निवड करायची असेल, तर कौल सेडानच्या बाजूने जातो. ती घरातील सर्वांची आहे, वृद्धांना सोयीची आहे, तिची जुळणी आपल्या राज्यात होते, आणि जी शक्ती वापरण्याजोगा रस्ताच नाही त्या शक्तीचे मोल तिच्यात कमी मोजावे लागते. चर्मविरहित अंतर्भागासाठी टायकानने घालून दिलेला धडा मात्र सेडान घेतानाही गिरवावा.

परंतु निवड या दोहोंपुरती असावीच असे नाही. चाकणमध्येच तयार होणारी महिंद्राची एक्सईव्ही ९ई नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्या ७९ युनिट बॅटरीच्या सर्वोच्च प्रकाराची किंमत ३० लाख ५० हजार रुपये होती. एका ईक्यूएसच्या किमतीत अशा पाच गाड्या येतात, आणि कारंजा ते नागपूर हा प्रवास तीही त्याच वेळात करते. उरलेले सव्वा कोटी हंगामात मालाच्या खरेदीला, मुलांच्या शिक्षणाला किंवा दानाला मोकळे राहतात.

जैन परंपरेत बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले जातात. त्यांच्या एका प्रचलित गणनेत क्षेत्र, वास्तू, धन, धान्य यांच्याबरोबर यान आणि शयनासन यांनाही स्वतंत्र स्थान आहे. स्पोर्ट्स कार हे निव्वळ यान. उंची सेडान हे यानही आणि शयनासनही. परिग्रहपरिमाण व्रत घेणारा श्रावक या गोष्टी वर्ज्य करत नाही, त्यांची मर्यादा आधी ठरवतो. पर्युषणात पुष्कळ घरांत अशी मर्यादा लिहिली जाते. त्यात सोने असते, जमीन असते, वाहनाचा आकडा क्वचित असतो. यंदा तो लिहावा. शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून कमाल किंमत आणि कमाल वेग, हे दोन अंक वहीत मांडावेत. मुलाने पहिला पाळला तर आजोबांची चिंता मिटते, आणि दुसरा पाळला तर पहाटे त्या रस्त्याने चालणाऱ्या कुणाचीही.