वाटेकऱ्यांचा बागुलबुवा

दर ऑगस्टमध्ये, एनएफएलचा हंगाम तोंडावर आला की फँटसी फुटबॉलचे जाणकार तेच पालुपद सुरू करतात: संघात दुसरा चांगला रिसीव्हर आला, आता पहिल्याचं वाटोळं, चेंडू काय, एकच असतो. मला या वाक्याचा मनापासून संताप येतो. अभ्यास न करता अभ्यासू दिसण्याची ती सोय आहे, आणि त्यावर विसंबून लोक चांगले खेळाडू हातचे घालवतात.

२०२२ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनं ए. जे. ब्राउनला आणलं, तेव्हा डेव्होंटा स्मिथच्या नावानं अंघोळ करून सगळे मोकळे झाले. आदल्या वर्षी, पहिल्याच हंगामात, स्मिथनं ६४ झेल आणि ९१६ यार्ड काढले होते. ब्राउन आल्यावर किती? ९५ झेल, ११९६ यार्ड. आणि ब्राउननं स्वतः १४९६. मग तोटा कोणाचा झाला? क्वेझ वॉटकिन्सचा. त्याचे यार्ड ६४७ वरून ३५४ वर आले. जेलन रेगरला तर हंगामाआधीच मिनेसोटाला धाडलं. नव्या माणसानं पंगतीत शेवटी बसलेल्यांची पानं उचलली, पहिल्याच्या ताटाला हात लावला नाही. शिवाय पंगतच मोठी झाली होती: ईगल्सचे पास ४९४ वरून ५३६ झाले. पण वाटेकरी मोजणाऱ्यांना एकूण किती वाटायचं आहे हे मोजायची गरजच वाटत नाही.

त्याच वर्षी मायामीत टायरीक हिल आला. जेलन वॉडलचे झेल १०४ वरून ७५ झाले, म्हणजे भाकीत खरंच ठरलं म्हणायचं. पण यार्ड १०१५ वरून १३५६ वर गेले. समोरचा बचाव हिलच्या वेगाला धास्तावून मागे सरकला की मधलं मैदान वॉडलला मोकळं मिळे. फँटसीत दहा यार्डांना एक गुण असतो; टार्गेटला, म्हणजे नुसता चेंडू तुमच्या दिशेनं फेकला गेला याला, शून्य.

आता उलट बाजू बघा. न्यूयॉर्क जेट्सचा गॅरेट विल्सन, २०२३. तोडीचा दुसरा रिसीव्हर संघात नाही, टार्गेट तब्बल १६८. हाती आलं काय? १०४२ यार्ड आणि फक्त ३ टचडाउन. कारण पहिल्याच सामन्यात, चौथ्याच खेळीत, संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, अॅरन रॉजर्स जायबंदी झाला आणि उरलेला हंगाम भलत्यांनीच चेंडू फेकला.

शिकागोचं उदाहरण तर या पंडितांच्या तोंडावर मारावं असं आहे. २०२४ मध्ये कीनन अॅलन आणि रोम ओडुंझे आले, डी. जे. मूर घसरला, आणि सगळे म्हणाले, बघा, सांगत नव्हतो? मूरची टार्गेट घसरलीच नव्हती! १३६ ची १४० झाली. यार्ड मात्र १३६४ वरून ९६६ वर आले. त्या हंगामात नवखा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स ६८ वेळा चेंडू हातात असतानाच आडवा केला गेला. आक्रमणाचा प्रशिक्षक नोव्हेंबरात काढला, त्याच महिन्यात मुख्य प्रशिक्षकही. एवढी पडझड दिसत असताना दोष अॅलनच्या माथी मारायचा, याला विश्लेषण म्हणत नाहीत.

स्पर्धेचा फटका बसतच नाही असं मी म्हणत नाही. तिसऱ्या रिसीव्हरला बसतो, आणि जबर बसतो. जो संघ मुळात धावण्यावरच भर देतो, तिथं दुसऱ्यालाही बसतो. त्यांना खुशाल खाली ढकला. पण भरपूर पास फेकणाऱ्या संघातला, भरवशाच्या क्वार्टरबॅकचा दुसरा रिसीव्हर केवळ शेजारी मोठं नाव आहे म्हणून दोन फेऱ्या खाली लावता, तेव्हा तुमच्या यादीवर विश्वास ठेवून ड्राफ्टला बसलेल्यांची तुम्ही फसवणूक करता. यादी छापायचीच असेल तर प्रत्येक नावापुढे आधी लिहा: हा संघ वर्षाला किती पास फेकतो, कोण फेकतो, आणि त्याला फेकायला उभं राहू देणारी फळी आहे का.