परिचारिकेची नीती, शासनाची काटकसर

रुग्णाला केंद्रस्थानी ठेवून शुश्रूषा करावी, हा उपदेश आता पाठ्यपुस्तकांतून आणि प्रशिक्षण शिबिरांतून परिचारिकांना उदंड केला जातो. उपदेश रास्त आहे. तथापि त्याची किंमत कोणी मोजायची, याविषयी उपदेशक मौन पाळतात.

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला लोक ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. कोकणातून आणि सीमेपलीकडूनही गोरगरीब तेथे येतात. अशा कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात एखादी शेतमजूर स्त्री शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली, तर संमतीपत्रावर सही कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात निर्वाळा दिला की, सज्ञान स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेली संमती, प्रसंग तातडीचा नसल्यास, ग्राह्य नाही. तरीही कागद सरकतो तो बहुधा नवऱ्यापुढे किंवा मुलापुढे. समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य. पण बाई आपली भीती बोलून दाखवते ती परिचारिकेजवळ, आणि ती ऐकण्यासाठी लागणारी दहा मिनिटे तिच्यापाशी नसतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी दवाखान्यातली रात्रपाळी ज्याने पाहिली आहे, त्याला हा निकष थट्टाच वाटेल. तेथे भांडे देतो नातेवाईक, सलाईनवर लक्ष ठेवतो नातेवाईक. ज्याला नातेवाईक नाही, त्याचे काय?

परिचारिका खेकसतात, ही तक्रार खोटी नव्हे, आणि तिचे समर्थनही करू नये. पण अकरा महिन्यांच्या करारावर नोकरी टांगलेली असताना रुग्णाच्या वतीने वरिष्ठांची चूक दाखवण्याचे धैर्य कोणाकडून अपेक्षावे? मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांतून भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध राज्यातील परिचारिका संपावर गेल्या. रुग्णांचे हाल झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र संप म्हणजे रुग्णद्रोह, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचे केईएम आठवावे. १९७३ साली तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातच अत्याचार झाला. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना हलवण्याचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा त्याच परिचारिकांनी निषेध करून तो हाणून पाडला.

कोल्हापुरातील कार्यकर्त्यांनी थोरल्या दवाखान्यातील परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, याचे आकडे माहिती अधिकारात मागवून चौकाचौकांत लावावेत.