इंजिन नवं, रेडिएटर जुना

आमच्या अब्बांची 1974 सालची अॅम्बॅसेडर म्हणजे घरातलं एक माणूसच. तिचं मूळ 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन धूर ओकू लागलं, तेव्हा भाईजाननी त्याजागी 1817 सीसीचं इसुझू इंजिन बसवून घेतलं. कंपनीनेही पुढे अॅम्बॅसेडरला हे इंजिन दिलं होतं. आरटीओची परवानगी घेतली, आरसीवर नोंद झाली. गाडी पळू लागली, अब्बा खूश!

मे महिन्यात चिपळूणहून कराडला परतत होतो. कुंभार्ली घाटात निम्म्या चढावर काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. माझा मुलगा फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला. अब्बांनी त्याचं मनगटच धरलं. "तोंड भाजून घ्यायचंय का?"

शिट्टी न काढता कुकर उघडला तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. इथेही तेच. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण निघताच ते उसळून अंगावर येतं. गाडी पूर्ण थंड होईपर्यंत आम्ही झाडाखाली बसून राहिलो.

घरी आल्यावर अम्मी म्हणाली, "आता मी या गाडीत बसायची नाही." अब्बा गप्प झाले. दोन दिवसांनी म्हणाले, "विकून टाकू." मिस्त्रीचा सल्ला वेगळाच होता, "थर्मोस्टॅट काढून टाका."

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून कागद घेऊन बसले. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी ओढतो, तिसरा धुराबरोबर जातो, उरलेला मुख्यतः रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. जुन्या इंजिनाची ताकद साधारण 50 हॉर्सपॉवर, नव्याची 75च्या आसपास. म्हणजे पूर्ण जोर लावला की उष्णताही जवळपास दीडपट. पाहुणे वाढले आणि पातेलं तेच!

मग एकेक काम केलं. रेडिएटरच्या टाक्या जुन्याच ठेवून मधली जाळी नवी घातली, तीही नळ्यांची एक ओळ वाढवून. जुनी जाळी बोअरच्या पाण्याच्या क्षाराने निम्मी बुजलेली निघाली. नव्या इंजिनाचा पंखा रेडिएटरपासून लांब पडत होता, हवा बाजूनेच निसटत होती. म्हणून पंख्याभोवती पत्र्याचं कडं बसवलं. घाटात गाडी हळू चालते, समोरून वारा कमी लागतो, तिथे सारी भिस्त या पंख्यावरच.

थर्मोस्टॅट काढला नाही, 82 अंशांचा नवा घातला. तो नसेल तर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. दाबाचं झाकण रेडिएटरला झेपेल तेवढ्याच दाबाचं घेतलं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवलं, झाकण थंड असतानाच उघडून इंजिन सुरू केलं आणि अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहिलो. काट्याचा सेन्सरही जुन्या मीटरशी जुळणारा लावला. नाहीतर काटा खोटं बोलतो.

हा सगळा खर्च इंजिनाच्या मानाने थोडा होता. इंजिन बदलतानाच केला असता, तर तो दिवस उगवलाच नसता. जुन्या गाडीत इंजिन घालणाऱ्यांनी हिशेबात रेडिएटर आधी धरावा.

नोव्हेंबरात पुन्हा चिपळूणला गेलो. परतताना अम्मी पुढच्या सीटवर बसली, पण घाटात दर वळणाला विचारायची, "काटा कुठंय?"

"मध्यावर," अब्बा सांगायचे.

माथ्यावर पोहोचल्यावर तिने डबा उघडला आणि पहिला घास अब्बांना दिला.