डेडलाइन
शुक्रवारची रात्र. आम्ही पावभाजीची ऑर्डर दिली आणि तिचा मोबाइल वाजला. माझी ही मैत्रीण जिल्हा बाल संरक्षण कक्षात सोशल वर्कर आहे, तीही कंत्राटी. स्टेशनवर सात-आठ वर्षांची मुलगी एकटी सापडली होती. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांना प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

'डेडलाइन, डेडलाइन' म्हणून मीही रोज बोंबलत असते. तिच्या डेडलाइनला मात्र भूक लागलेली असते!

"गेल्या गेल्या नाव विचारतेस?"

"छे गं. आधी विचारते, जेवलीस का?"

माझीही प्लेट पार्सल करून ती निघाली.

तुम्हाला असं एकटं मूल दिसलं तर? १०९८. फोन फुकट, चोवीस तास. आत्ताच सेव्ह करा.