पाटीखालची सही

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हा माजी विद्यार्थ्यांना मोकळीक दिली होती : आठवणी लिहा किंवा विचार मांडा. आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. वसतिगृहातील पहाटेची घंटा, पहिल्या पावसात गळणारी कौले, रविवारच्या जेवणाची वाट पाहणे यांवर ते आमच्यापेक्षा सरस लिहितील. आम्हाला एका पाटीविषयी लिहायचे आहे.

गेल्या वर्षी शाळेच्या फाटकावर नवी पाटी बसली. ती आतून उजळते आणि रात्रीही रस्त्यावरून वाचता येते. तिच्यासाठी वर्गणी देणाऱ्यांत आमच्यापैकीही काही जण आहेत, त्यामुळे तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्या पाटीचे काय झाले याविषयी. ती आज कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागे, अक्षरे भिंतीकडे करून उभी आहे आणि भंगारात द्यावयाच्या सामानाच्या यादीत तिचा समावेश झाला आहे, असे आम्हाला कळले. ही यादी अमलात येण्यापूर्वी चार शब्द वाचले जावेत, एवढ्यासाठी हा लेख.

ती पाटी रंगवली गेली तेव्हा आम्ही सहावीत होतो. पेंटरकाका डहाणूहून एस.टी.ने आले. सोबत एक पिशवी. तिच्यात ब्रश, रंगाचे तीन डबे, टर्पेंटाइनची बाटली, दोऱ्याचा गुंडा आणि खडू. पहिला दिवस पत्रा घासून त्यावर तांबडा प्राइमर देण्यात गेला. दुसऱ्या दिवशी निळ्या रंगाचे दोन हात झाले. आम्हाला वाटले होते की काका आले म्हणजे लगेच अक्षरे उमटतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोऱ्याला खडू चोळला, एक टोक आमच्यातल्या एकाच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले आणि मधोमध दोरा ताणून सोडला. निळ्या पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटली. अशा दोन रेघा. वरची शिरोरेषेची, खालची अक्षरांच्या पायाची. वर मात्रांना आणि खाली उकारांना किती जागा लागेल, याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत होता. डाव्या हातातील काठीवर उजवे मनगट टेकवून त्यांनी अक्षरे भरली आणि सर्वांत शेवटी, श्वास रोखून, एका दमात शिरोरेषा ओढली. तोवर सुटी सुटी उभी असलेली अक्षरे त्या क्षणी शब्द झाली. शिरोरेषा म्हणजे काय, हे आम्हाला व्याकरणाच्या पुस्तकाने सांगितले त्याच्या आधी त्या ब्रशने सांगितले होते.

रोमन अक्षर जमिनीवर उभे राहते, देवनागरी अक्षर दोरीवरच्या कपड्यासारखे वरून लोंबते. आपल्या भागातील पेंटरला आणखी एक गोष्ट जमावी लागे. डहाणू, घोलवड, तलासरी हा सीमेचा मुलूख, त्यामुळे दुकानाच्या एकाच पाटीवर मराठीखाली गुजरातीही येई, आणि गुजरातीला शिरोरेषा नसते. हात तोच, पण एका ओळीत अक्षराला टांगायचे आणि खालच्या ओळीत त्याला स्वतःच्या बळावर उभे करायचे. ही कसरत करणारी माणसे कोणत्याही कलाशाळेत गेलेली नव्हती.

आता त्या पाटीवरील चुकीविषयी. शाळेच्या नावाखालील ओळीत काकांनी ‘विध्यार्थ्यांसाठी’ असे लिहिले. चूक मुख्याध्यापकांना दिसली नाही, ती दिसली आमच्या वर्गातील एका मुलाला. त्याच्या घरात त्याच्यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. तो घाबरत म्हणाला, “काका, ‘द्या’ असा नाही.” काका खाली उतरले. आपले शिक्षण चौथीपर्यंत झाल्याचे त्यांनी हसत सांगितले, टर्पेंटाइनच्या फडक्याने ते अक्षर पुसले आणि पुन्हा लिहिले. मग त्या मुलाला म्हणाले, “ये रे पोरा, वरचा अनुस्वार तू दे.” तो अनुस्वार किंचित मोठा आणि थोडा उजवीकडे कललेला आहे. पाटी उन्हात तिरपी धरली तर पुसलेल्या ‘ध्या’ची सावली अजूनही दिसते. मराठीत लिहावयाची पाटी आणि दारावरची पाटी यांना एकच शब्द आहे. आमच्या त्या मित्रासाठी त्या दिवशी त्या दोन्ही खरोखरच एक झाल्या.

लिहिणाऱ्याच्या चुकीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात, सोपाऱ्याला, सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. पहिला तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींच्या हाती लागला, दुसरा १९५६ मध्ये मिळाला. गिरनार आणि इतर ठिकाणी जो चौदावा लेख पूर्ण वाचता येतो, त्यात सम्राट सांगतो की लेखांत कोठे काही अपुरे राहिले असेल तर ते लिपिकाराच्या चुकीनेही असू शकते. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी आपल्या लेखात लिहिणाऱ्या हाताची दखल घेतो, हे आम्हाला विलक्षण वाटते. कर्नाटकात ब्रह्मगिरी येथे तर त्या लिपिकाराचे नावही आहे. चपड. लेख ब्राह्मीत आहे, पण स्वतःचा व्यवसाय सांगणारा शेवटचा शब्द त्याने वायव्येकडील खरोष्ठी लिपीत कोरला. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पेंटर अमुक, डहाणू’ असे लिहिण्याची जी रीत आपण पाहिली, तिचा पूर्वज आम्हाला या चपडामध्ये दिसतो.

आणि डहाणूचे नाव? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्खूंच्या निवासासाठी दिलेल्या त्या लेण्याच्या भिंतीवर त्याच्या दानांची यादी आहे आणि तीत नद्यांवर नावांची मोफत सोय केल्याचा उल्लेख आहे. त्या नद्यांत पारादा, दमण, तापी यांच्यासोबत ‘दाहनुका’ येते. सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्या गावाचे नाव कोणीतरी छिन्नीने दगडात कोरले, तेही बौद्ध भिक्खूंच्या निवासाच्या भिंतीवर. दान देणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. कोरणाऱ्याचे नाही.

प्रार्थनागृहातील काचेचा उल्लेख केला नाही तर माजी विद्यार्थी आम्हाला क्षमा करणार नाहीत. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत पंचशील लिहिलेली ती मोठी काच. तीही त्याच हाताची. काचेवरचे लेखन हे कसबातले सर्वांत अवघड अंग, कारण ते काचेच्या मागच्या बाजूने करायचे असते, म्हणजे प्रत्येक अक्षर उलटे, आरशात दिसते तसे. जे समोरून सर्वांत वर दिसायला हवे ते आधी लिहायचे आणि पार्श्वभूमी शेवटी भरायची. साध्या चित्रात शेवटच्या हाताने चूक झाकता येते. इथे पहिलाच हात कायमचा.

खऱ्या सोन्याचे काम याहून नाजूक. काच निर्मळ धुऊन तिच्यावर पाण्यात विरघळवलेल्या जिलेटिनचा पातळ हात द्यायचा आणि त्या ओल्या थरावर सोन्याचा वर्ख सोडायचा. वर्ख इतका पातळ की बोटाने उचलता येत नाही. रुंद, मऊ ब्रश गालावरून फिरवून त्याला त्वचेचा किंचित तेलकटपणा लावतात आणि त्याने वर्ख उचलतात. सुकल्यावर भेगा बुजवण्यासाठी दुसरा थर द्यायचा. मग मागून अक्षराच्या आकारात रंग भरायचा आणि रंगाबाहेरचे सोने ओल्या कापसाने पुसून टाकायचे. समोरून पाहणाऱ्याला आरशासारखे झळकणारे अक्षर दिसते. मुंबईत फोर्टातील जुन्या कचेऱ्यांच्या दारांवर असे काम होई. वर्खाशी बौद्ध जगाचे नाते तर फार जुने आहे. ब्रह्मदेशात मंडालेच्या महामुनी बुद्धमूर्तीवर भाविक पिढ्यान्‌पिढ्या वर्ख लावीत आले आहेत, आणि त्या थरांनी मूर्तीचे अंग जाडजूड झाले आहे.

आमच्या काचेवर मात्र वर्ख नाही. शाळेला तो परवडला नसता आणि काकांनी तो सुचवलाही नाही. त्यांनी सोनेरी पावडर वार्निशमध्ये कालवून वापरली. ती पितळी पावडर. समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेने ती आता कडांना काळवंडली आहे. सोने काळवंडत नाही, हे आम्ही पुढे शिकलो. पण उलट्या लिहिलेल्या त्या ओळींत एकही चूक नाही, आणि चौथी शिकलेल्या माणसाने ते कसे साधले असेल याचा विचार करताना आम्ही आजही थबकतो.

आता मुद्दा. आपल्या भागातील भिंतींवर दोन हात चालत आले. एक चित्राचा, दुसरा अक्षराचा. चित्राच्या हाताचे नाव जगभर झाले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींचा तो वारसा जपला गेला याचा आम्हाला अभिमान आहे. (‘चौक काढणे’ नव्हे, ‘चौक लिहिणे’. हा शब्दप्रयोग विचार करण्याजोगा आहे.) अक्षराच्या हाताला मात्र कोणी वारसा म्हटले नाही. बंदरातील होड्यांची नावे, महामार्गावरील ट्रकच्या फाळक्या, ग्रामपंचायतीच्या भिंती, १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील कापडी फलक, वस्तीतील विहाराच्या दारावरील नाव, ही सर्व कामे त्याने केली. ज्यांच्या आजोबांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्यांच्या वस्तीचे नाव प्रथम त्याने लिहिले. फ्लेक्स आला आणि हा हात थांबला, तेव्हा कोणाला चुकल्यासारखेही वाटले नाही.

फ्लेक्सला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तो स्वस्त आहे, संध्याकाळी सांगितला की सकाळी मिळतो, आणि चौथी शिकलेल्या माणसावर शुद्धलेखनाची जबाबदारी टाकत नाही (तरी चुका त्यावरही असतात, आणि त्या पुसता येत नाहीत). पेंटरला तीन दिवस लागतात, पावसाळ्यात तर आठवडा. आम्हीही आमच्या दुकानांना आणि दवाखान्यांना फ्लेक्सच लावले. पण एक संधी हातची गेली, याची खंत आहे. मार्च २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे असे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. राज्यभर देवनागरी अक्षरांची एवढी मागणी एका वेळी क्वचितच निर्माण झाली असेल. ती मागणी यंत्राकडे गेली. लिपी मिळाली, पण लिहिणारा बाहेरच राहिला. आमच्या माहितीतील दोन पेंटर आज वापीच्या कारखान्यांत कामाला आहेत.

संस्थेकडे आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. जुनी पाटी भंगारात जाऊ नये. ती ग्रंथालयाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावी आणि तिच्यावर नवा रंग देऊ नये. त्या पुसलेल्या ‘ध्या’सकट ती राहावी. प्रार्थनागृहातील काचही बदलू नये. काळवंडलेल्या कडा तशाच असू द्याव्यात.

दुसरे, दर वर्षी उन्हाळी सुटीपूर्वी आठ दिवस एखाद्या जुन्या पेंटरला शाळेत बोलवावे आणि नववीच्या मुलामुलींना अक्षरलेखन शिकवावे. वर्गांची नावे, कोठीवरील यादी, विहिरीवरील सूचना ही सर्व कामे मुलांनीच करावीत. याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून शिक्षण उभे केले. त्यामुळे हा विचार या मातीला नवा नाही. रंग पाहून घ्यावा. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक असू नये असा नियम आहे. मुलांच्या हाती जुने डबे देऊ नयेत आणि शक्य तेथे पाण्यात मिसळणारा रंग वापरावा. पेंटरचे मानधन मात्र चहापाण्यावर मिटवू नये. आठ दिवसांची पूर्ण मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ. पहिल्या तीन वर्षांची रक्कम आमच्या तुकडीने बाजूला काढली आहे.

यावर आक्षेप येईल की मुलांना संगणक शिकवायचा की ब्रश? आमचे उत्तर असे की संगणकावरील अक्षरही कोणाच्या तरी हातून उतरले आहे. अनेक वर्षे आपण ज्या ‘मंगल’ अक्षरात मराठी वाचत आलो, ते र. कृ. जोशी या सुलेखनकाराने घडवले. हाताला अक्षर कळले तर आपल्यातील एखादी मुलगी उद्या असे अक्षर घडवील. निदान फ्लेक्सच्या दुकानात बसून ऱ्हस्व-दीर्घ तरी पाहील.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळीच येणार आहोत. शिडी आणि खिळे सोबत आणू. कोठीची किल्ली कोणाकडे असते तेवढे कळवावे. ज्याने तो अनुस्वार दिला तो मित्र आता तलासरीत शिक्षक आहे. त्यालाही निरोप गेला आहे. पेंटरकाकांची सही खालच्या कोपऱ्यात गंजाखाली अर्धी गेली आहे. ती वाचता आली, तर त्यांच्या मुलांचा शोध लागू शकेल.