मीठ, बर्फ आणि माझं चुकलेलं उत्तर

परवा टोरांटोहून नातवाचा फोन आला. म्हणाला, "आजी, आमच्याकडे रस्त्यावरचा बर्फ वितळायला मीठ टाकतात. आणि आई सांगते, तुमच्याकडे पॉटचं आईस्क्रीम गोठवायला मीठ टाकायचे. मग मीठ नक्की करतं तरी काय?"

मी क्षणभर गप्पच झाले. कारण हाच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता, १९८४ साली, सहावीच्या वर्गात.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडायचा. पुस्तक उघडायचं, धडा वाचून दाखवायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, झालं! त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांची बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. म्हणाला, "बाई, गोळ्यावर मीठ टाकलं की तो लवकर पाणी होतो. मग पॉटमध्ये मीठ घालून आईस्क्रीम कसं काय होतं?"

मला उत्तर येत नव्हतं. पण साठ मुलांसमोर तसं म्हणायचं कसं? मी ठणकावून सांगितलं, "मिठामुळे बर्फ टिकतो, म्हणून घालतात. बस खाली." वर्ग हसला. तो बसला. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

त्याचं निरीक्षण बरोबर होतं आणि माझं उत्तर साफ चूक होतं. मिठाने बर्फ टिकत नाही, वितळतोच. आणि तो वितळतो म्हणूनच आईस्क्रीम होतं!

हे मला निवृत्त झाल्यावर, सवडीने वाचून कळलं. जसं कळलं तसं सांगते. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी एकत्र असतात, तेव्हा बर्फाचे काही कण सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्याचे काही कण बर्फाला येऊन चिकटत असतात. जमाखर्च सारखा. पाण्यात मीठ विरघळलं की परत येऊन चिकटणारे कमी होतात, सुटणारे मात्र तेवढेच राहतात. म्हणून बर्फ वितळत जातो. आता वितळायला उष्णता लागते, एका ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी. ती आणायची कुठून? रस्त्यावर ती हवेतून, जमिनीतून, उन्हातून मिळते. लाकडी बादलीत बाहेरची उष्णता सहज येत नाही. मग ते मिश्रण स्वतःच थंड होत जातं आणि मधल्या डब्यातल्या दुधाची उष्णता ओढून घेतं. दूध गोठतं.

नुसता बर्फ का पुरत नाही, याचं उत्तर तर फारच गमतीचं आहे. दुधात साखर असते आणि साखरही मिठासारखंच काम करते. त्यामुळे आटवलेलं गोड दूध शून्य अंशाला गोठतच नाही, त्याला त्याहून खाली न्यावं लागतं. मीठ-बर्फाचं मिश्रण फार तर उणे २१ अंशापर्यंत उतरतं. त्याच्याखाली साध्या मिठाचं काही चालत नाही. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत टोरांटोच्या रस्त्यांवरही नुसतं मीठ कमी पडतं, वाळू टाकावी लागते.

वाचून समाधान होईना, म्हणून करून पाहिलं. बर्फ फोडला, स्टीलच्या वाटीत घातला, त्यात मूठभर खडे मीठ ढवळलं. देवघरातला पाट घेऊन त्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि वाटी त्यावर ठेवली. पाचेक मिनिटांनी वाटी उचलायला गेले तर पाटासकट वर आली! खालचं पाणी गोठून वाटी पाटाला चिकटली होती आणि वाटीत बर्फाचं पाणी होत होतं. त्या मुलाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही एकाच वाटीत. (करून पाहणाऱ्यांनी हे मिश्रण हातावर मात्र धरू नये, कातडीला इजा होते.)

आमचे हे म्हणतात, "साठ मुलांच्या वर्गात असले प्रयोग करायला वेळ कुठे होता तुला?" प्रयोग राहू द्या. "मला माहीत नाही, उद्या विचारून सांगते" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? शिक्षकाला सगळं यायलाच हवं, ही आमच्या पिढीची समजूत होती. त्यापायी आम्ही किती खोटं ठासून शिकवलं असेल, कोण जाणे. आणि पुढच्या वर्गात मुलं "मिठामुळे बर्फाचा द्रवणांक कमी होतो" हे वाक्य पाठ करून पूर्ण गुण मिळवायची. त्यातल्या कितींना पॉटमधलं दूध का गोठतं ते सांगता आलं असतं? मला तर नक्कीच नाही.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आजी, तुला तेव्हा येत नव्हतं?"

"नव्हतं रे," म्हटलं. किती सोपं होतं ते म्हणणं!

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे आहे, काय करतो, मला काहीच ठाऊक नाही. भेटला तर आधी त्याची माफी मागेन आणि मग त्याला पाट-वाटीचा प्रयोग दाखवेन. असो. तुमच्यापैकी जे अजून शिकवत आहेत, त्यांनी येत्या उन्हाळ्यात एकदा हा प्रयोग वर्गात नक्की करावा. आणि कुणी मागच्या बाकावरून वाकडा प्रश्न विचारलाच, तर त्याला खाली बसवू नये.